फुटलेल्या ताऱ्याच्या बाजूला

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, पडदा म्हटले की तुम्हाला दारावर लोंबणारे कापड आठवेल. मी तसा नाही. मी नाटकाचा पडदा. बारा हात रुंद, आठ हात उंच. एके काळी मी उलगडलो की समोरची पाचशे माणसे एकदम गप्प होत. आज मी एका शाळेच्या सामानाच्या खोलीत मोडक्या बाकांवर घडी होऊन पडलो आहे. घड्यांवर चिरा पडल्या आहेत आणि एक कोपरा उंदरांनी नेला. मला आता कोणी उलगडावे असा हट्ट नाही. पण जे पाहिले ते सांगून टाकावे, म्हणजे पडून राहणे तरी हलके होईल, असे वाटते.

मला दोन बाजू आहेत. एका बाजूला रान आहे. दुसऱ्या बाजूला फुटलेला तारा आहे. रानाने मला नाव मिळवून दिले. ताऱ्याने मला दमवले.

माझा जन्म १९४७ सालच्या पावसाळ्याअखेरीस गोंदियात झाला. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि गोंदियातला प्रत्येक दुकानदार आपली पाटी नव्याने रंगवून मागत होता. रेल्वे लाईनच्या पलीकडे चुन्नीलाल पेंटरची टिनाची खोली होती. तो बिडीच्या कारखान्यांच्या पाट्या रंगवायचा, सिनेमाची चित्रे रंगवायचा आणि हात रिकामा असला की नाटकाचे पडदे करायचा. त्याने मांजरपाटाचे चार पट्टे एकमेकांना शिवले, चिंचोक्याची खळ शिजवून माझ्या अंगाला चोपडली आणि मला उन्हात ताणून ठेवले. खळ वाळली तेव्हा मी ढोलकीच्या चामड्यासारखा ताठ झालो. मग त्याने डिंकाच्या पाण्यात रंग कालवले आणि अकरा दिवसांत माझ्यावर एक रान उभे केले. मधोमध वाट, दोन्हीकडे झाडे आणि दूर एक निळा डोंगर.

मला मागवले होते केशोरीच्या शालीकरामने. दंडार या आमच्याकडच्या लोकनाट्याची आणि नाटकाची त्याची मंडळी होती. छोट्या लाईनच्या गाडीने मी अर्जुनीपर्यंत आलो आणि तिथून बैलगाडीने केशोरीला. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, संध्याकाळी नाटक. त्या पहिल्या वर्षी मी नऊ गावे पाहिली. नाटक कोणतेही असो, त्यात कोणी ना कोणी रानात हरवायचेच, आणि ते माझ्याच रानात हरवायचे. लोक लांबून येऊन मला बोट लावून बघत. एकदा जंगलात कटाईचे काम करणारा एक म्हातारा माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "शालीकराम, हे झाड मोहाचं नाई, सागाचं नाई, येनाचं नाई. कोन्या रानातून आनलं गा?" सगळे हसले. शालीकरामही हसला. पण त्या दिवसापासून तो सगळ्यांना सांगू लागला की आपल्या पडद्यावरचे झाड जगात दुसरीकडे कुठेच नाही.

सहा वर्षे अशी गेली. मग मंडळीने नागपूरहून राजवाड्याचा नवा पडदा आणला. त्यात सोनेरी खांब होते. रानात हरवण्याचे प्रसंग कमी झाले आणि राजवाड्यातली भांडणे वाढली. मी शालीकरामच्या घरी धानाच्या कोठीवर पडून राहू लागलो. पावसाळ्यात ओल आली की माझ्या अंगाला वास यायचा. कोणी हात लावायचे नाही.

मला तिथून काढले केवलराम गुरुजींनी.

केवलराम गुरुजी केशोरीच्या शाळेत शिकवायचे. बारीक अंगाचे, सदा खोकणारे, चाळिशीच्या आतच पाठीत वाकलेले. ते नागपूरच्या कॉलेजात दोन वर्षे विज्ञान शिकले होते. मग वडील वारले, घरी शेती पाहायला कोणी नव्हते, आणि ते परत आले. तिथल्या त्यांच्या प्राध्यापकांशी मात्र त्यांचा पत्रव्यवहार सुरू होता. १९५४ साली त्यांच्या वाचनात आले की बरोबर नऊशे वर्षांपूर्वी आकाशात एक तारा फुटला होता. चीनमधल्या लोकांनी तो तेवीस दिवस भर उन्हात, डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. गुरुजींच्या मनाने घेतले की यंदाच्या मंडईत शाळेच्या ओसरीवर या ताऱ्याचे चित्र लावायचे आणि लोकांना सांगायचे. एवढे मोठे कापड शाळेकडे नव्हते. ते शालीकरामकडे आले.

"शालीकरामभाऊ, तुमच्या रानाची मागची बाजू कोरी हाय ना?"

"हाय जी. पन तिकडं का करता?"

"तारा काढतो. फुटलेला."

शालीकराम म्हणाला, "काढा. नाईतरी उंदरायलेच खाऊ होऊन राहिला तो."

चुन्नीलालला गोंदियाहून बोलावले. तो आता थोडा स्थूल झाला होता आणि चष्मा लावत होता. मला पाहून त्याने माझ्या रानावरून हात फिरवला, जसा कोणी लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या डोक्यावरून फिरवावा. मग मला उलटे केले आणि मागच्या अंगाला काजळीचा काळा रंग दिला. मधोमध तारा काढला, पांढराशुभ्र. त्याच्याभोवती आगीचे गोल कडे काढले, अगदी कंपासने काढल्यासारखे. कड्याच्या बाहेर नुसता काळा रंग राहिला.

"गुरुजी, इतना काला छोडू? लोग बोलतील, पेंटरनं काम अधूरं ठेवलं."

"राहू द्या. तिथे काहीच नसतं. पोकळी असते."

"कुछ भी नहीं? एखादा चांद?"

"काहीच नाही, चुन्नीलालजी."

चुन्नीलालने मान हलवली आणि ब्रश धुतला.

मंडईच्या दिवशी सकाळपासून गर्दी लोटली. मी ओसरीवर आकाशाची बाजू पुढे करून टांगलेला होतो. गुरुजी हातात वेळूची काठी घेऊन सांगत होते. तारा कसा म्हातारा होतो, कसा एका क्षणी फुटतो, त्याच्या अंगाचे तुकडे एका सेकंदात हजारो मैल कसे जातात. मी त्यांना इतक्या जोरात बोलताना कधी ऐकले नव्हते. लोक तोंड उघडे टाकून ऐकत होते. माझी इतकी वाहवा रानाच्या दिवसांतही झाली नव्हती.

तेव्हा गर्दीतून एक बाई पुढे आली. तिच्या कमरेला मुरमुऱ्यांची टोपली होती. वय असेल तीस-पस्तीस. डाव्या गालावर बारीक बारीक काळे डाग होते, जणू कोणी राई फेकून मारली असावी. तिने मान वळवून उजवा कान गुरुजींकडे केला होता.

"गुरुजी, एक विचारू का जी?"

"विचारा बाई."

"तारा फुटला मनता. मंग त्याच्या बाजूले जे होतं, त्याचं का झालं?"

गुरुजींना घाई होती. मागे अजून शंभर माणसे उभी होती. ते म्हणाले, "बाजूला काही नसतं बाई. रिकामं असतं सगळं."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

तिने माझ्या काळ्या भागाकडे पाहिले. मग म्हणाली, "असं कसं होईल जी? फुटलं त बाजूले कोनी त रायतेच."

लोक हसले. गुरुजीही हसले. ती हसली नाही. टोपली सावरून ती गर्दीतून बाहेर गेली.

संध्याकाळी मला गुंडाळताना शालीकरामने गुरुजींना विचारले, "ते बाई कोन होती, ठाव हाय का?"

"नाई."

"रुख्मा. कवडूची बायको. दोन साल झाले. विहीर खोदताना खडक लागला, सुरुंग लावला, तो टायमाच्या आधीच उडाला. कवडू जागीच गेला. हे दहा-बारा पावलं दूर होती, पान्याचा हंडा घेऊन. डावा कान गेला. गालावरचे ते डाग खडकाच्या चुऱ्याचे हायेत. अजून आतच हाय तो चुरा."

गुरुजींच्या हातातली दोरी तशीच राहिली. ते ओसरीच्या पायरीवर बसले.

"भाऊ, मी हसलो ना?"

"सगळेच हसले जी."

"मी गुरुजी होतो."

मित्रांनो, त्या आठवड्यात गुरुजींनी नागपूरला पत्र लिहिले. मी शाळेच्या भिंतीला टेकून उभा होतो, म्हणून मला ठाऊक आहे. पत्र लिहिताना त्यांनी तीन कागद फाडले. विचारायचे इतकेच होते: तारा फुटतो तेव्हा त्याच्या बाजूला खरोखरच काही नसते का?

उत्तर यायला दोन महिने लागले. उत्तर लांबलचक होते. गुरुजींनी ते सातवीच्या वर्गात मोठ्याने वाचून दाखवले, आणि भिंतीपाशी उभा राहून मीही ते ऐकले. प्राध्यापकांनी लिहिले होते की ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते. तिथे वायू असतो, धूळ असते. इतकी विरळ, की आपल्या हवेशी तुलनाच होऊ शकत नाही. पण जागा अफाट असल्याने ती सगळी मिळून पुष्कळ होते. तारा फुटला की त्याचे उडालेले अंग या वायूवर जाऊन आदळते. त्याला पुढे ढकलत नेते. ढकललेला वायू पुढे पुढे साचत जातो, आणि जितका साचतो तितका स्फोटाचा वेग कमी होत जातो. हजारो वर्षांनी तो अगदी मंदावतो. स्फोटाला दुसरे कोणी थांबवत नाही. बाजूचेच त्याला थांबवते.

पुढे असे लिहिले होते की हंस नावाच्या तारकासमूहात प्रकाशाच्या मोठ्या फाटक्या कमानी दिसतात. तिथे फार पूर्वी एखादा तारा फुटला असावा असे संशोधक मानतात. त्या कमानींचा प्रकाश बहुतेक त्या ताऱ्याचा नाहीच. ज्या वायूला धक्का बसला, तो तापून चमकतो आहे. आणि कमान गोल नसते. वायू जिथे दाट तिथे ती आधी अडते, विरळ तिथे पुढे जाते. "तुमच्या त्या बाईंचा प्रश्न अगदी मर्माचा आहे," असे शेवटी होते. "सध्या मोठमोठे लोक याच प्रश्नावर काम करीत आहेत."

गुरुजींनी पत्राची घडी केली. मुलांना म्हणाले, "मी गावाला चुकीचं सांगितलं. जी एक बाई बरोबर बोलली तिला आपण सगळे हसलो." मास्तर आपली चूक कबूल करतात हे मुलांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिले होते.

चुन्नीलालला पुन्हा बोलावणे गेले. तो आला, पण कुरकुरत. "पहिलेच बोललो होतो, काला जादा आहे." गुरुजींनी त्याला पत्र समजावून सांगितले. चुन्नीलालने सगळे ऐकले, मग तांब्यातून बोटावर पाणी घेतले आणि माझ्या काळ्या अंगावर एक मोठा थेंब सोडला. थेंब पसरू लागला. डिंकातला काळा रंग पाण्याबरोबर सुटला आणि पाण्यापुढे सरकत गेला. आत जागा फिकट झाली, कडेला रंग साचला. साचता साचता पाणी थांबले. एका बाजूला माझ्या अंगावर रंगाचा थर जाड होता, तिथे ते आधीच अडले आणि कडा वाकडी झाली.

"असंच ना, गुरुजी?"

गुरुजी माझ्या इतके जवळ आले की त्यांचा श्वास मला लागला. "कारण वेगळं आहे चुन्नीलालजी, पण दिसतं असंच. अगदी असंच."

"ये तो हर पेंटर को मालूम है," चुन्नीलाल म्हणाला, पण तो खूश झालेला दिसला.

त्याने चार दिवस काम केले. कंपासने काढल्यासारखे ते गोल कडे पुसून टाकले. काळ्यात चुन्याची आणि राखेची भर घालून सगळीकडे हलका राखाडी वायू काढला. इतका हलका, की नीट पाहिले तरच दिसावा. त्यातून फाटकी, वाकडीतिकडी कमान काढली. जिथे वायू दाट तिथे तिचा पिवळा-पांढरा रंग जास्त उजळ केला. मधला तारा मात्र पुसट करून टाकला. आता सगळा उजेड कडेला होता.

१९५५ च्या मंडईत मी पुन्हा ओसरीवर टांगला गेलो. गुरुजी दर थोड्या वेळाने गर्दीवरून नजर फिरवत होते. रुख्मा आली नाही. संध्याकाळी तिच्या जावेने सांगितले, "ते गेली जी. कामावर. मुकादम नेते तिकडं जाते. आता कोनत्या गावाले हाय, आमाले का ठाव?"

त्यानंतरची तीन वर्षे आठवली तरी माझ्या शिवणी दुखतात. तेव्हा शाळा चालवणाऱ्या जनपद सभेने गुरुजींची बदली सडक अर्जुनीजवळच्या एका गावात केली. शालीकरामने मला त्यांना देऊन टाकले. "रान तुमीच ठेवा आता," तो म्हणाला. दर हिवाळ्यात गुरुजी मला घेऊन मंडईला जात. कधी बैलगाडीने, कधी बसच्या टपावर, दोन पोत्यांच्या मधे दाबून. जिथे मजुरांचे तळ असत तिथल्या मंडया ते निवडून काढत. मला टांगत, काठी घेत, सांगत. लोक थोडे ऐकत आणि विचारत, "गुरुजी, नाटक कवा सुरू होते?" कोणी म्हणे, पडदा उलटा लावला आहे. गुरुजींना दरवर्षी ताप यायचा. एका गावात बोलता बोलता ते मला ताणणारा वेळू धरून खाली बसले, आणि मी त्यांच्या अंगावर पडलो. त्यांच्या घरचे म्हणत, एका वाक्यासाठी किती फिरायचे? गुरुजी पुढच्या मंडईची तारीख विचारत. ते थकत चालले होते, आणि मीही.

खरे सांगतो, मित्रांनो. त्या दिवसांत मला रानात हरवणाऱ्या लोकांची फार आठवण यायची. ते निदान तासाभरात सापडायचे.

मग १९५८ च्या हिवाळ्यात एके सकाळी गुरुजी धापा टाकत शाळेत आले. येताना त्यांनी पाहिले होते की नागपूरहून रायपूरला जाणाऱ्या मोठ्या सडकेवर खडीचे काम चालले आहे. बायका डोक्यावर टोपल्या घेऊन ओळीने जात होत्या. मागून ट्रकने भोंगा वाजवला तेव्हा सगळ्या बायका बाजूला झाल्या. एकच झाली नाही. तिने मान वळवून उजवा कान मागे केला, आणि मग हलली. गुरुजी सायकलवरून उतरले. गालावरचे डाग त्यांना दुरूनच दिसले.

त्यांनी माझे वेळू सोडवले, माझी घडी केली आणि मला सायकलच्या मागे बांधले. मुकादमाला भेटून ते म्हणाले, "जेवणाच्या सुट्टीत एका बाईशी बोलायचं आहे."

मुकादम म्हणाला, "कायले? काई केलं का तिनं?"

"नाई. मी केलं."

दुपारी दोन मोहाच्या झाडांमधे दोऱ्या बांधून त्यांनी मला ताणले. मी किती वेळा उलगडलो असेन, पण एका माणसासाठी कधीच नाही. रुख्मा भाकरीचे फडके सोडून बसली होती. तिचे केस पांढरे झाले होते. तिने माझ्याकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले, आणि तिला काही उमगेना.

"कोन जी तुमी?"

"केशोरीचा केवलराम मास्तर. चार वर्षांआधी मंडईत तुम्ही मला विचारलं होतं. तारा फुटला तर बाजूचं काय झालं."

ती आठवू लागली. भाकरीचा तुकडा हातातच राहिला. "हो. तुमी सांगतलं होतं, काईच रायत नाई."

"ते चूक होतं."

मग गुरुजी सांगू लागले. काठी न घेता, खाली तिच्यासमोर बसून, तिच्या उजव्या बाजूला. बाजूला वायू असतो, धूळ असते. धक्का आधी त्यांना बसतो. ते ढकलले जातात, साचतात, तापतात. ती मधेमधे माझ्याकडे पाहत होती.

"मंग तो फुटलेला थांबते कायनं?"

"बाजूच्यानंच. ते मधे येतं म्हणून थांबतो."

"अना हा उजेड?" तिने कमानीकडे बोट केले. "हा त्या ताऱ्याचा ना?"

"थोडा असेल. बराचसा बाजूच्याचा. ज्याला लागलं त्याचा."

सडकेवरून एक ट्रक गेला आणि मी दोऱ्यांवर फडफडलो. मग ती बोलू लागली. हळू बोलत होती, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट सांगत असावी.

"मी हंडा घेऊन उभी होती. पितळेचा हंडा. तो असा चपटा झाला, थाळीसारखा. माह्या मागं दोन पोरी होत्या, टिकारामच्या. पानी प्याले आल्या होत्या. त्यायले काई नाई झालं. एक खरचटलं नाई." ती थांबली. "लोक कवडूचं विचारत. माह्या कानाचं विचारत. त्या पोरी कायनं वाचल्या, हे कोनी नाई विचारलं. मीबी नाई सांगतलं. कवडू गेला, अना मी हे का सांगू?"

गुरुजींनी मान खाली घातली.

"त्या पोरी आता केवढ्या आहेत?"

"मोठीचं लगन झालं मनतेत."

तिने उरलेली भाकर फडक्यात बांधली. उठून माझ्याजवळ आली. हाताला खडीची पांढरी धूळ होती, म्हणून तिने मला हात लावला नाही, नुसती वाकून जवळून पाहत राहिली. राखाडी वायू तिला दिसला असावा, कारण तिची नजर कमानीच्या बाहेर, अगदी कोपऱ्यापर्यंत फिरली.

"चार साल हेच सांगाले फिरून राहिले का जी?"

"तुम्हाला शोधत होतो."

"काऊन?"

"चुकीचं सांगितलं होतं ना."

रुख्मा म्हणाली, "लोक त लई चुकीचं सांगतेत गुरुजी. वापस कोनी येत नाई."

मुकादमाने शिट्टी वाजवली. तिने टोपली उचलली आणि ओळीत जाऊन उभी राहिली. तिच्या पुढची बाई काही विचारत होती, माझ्याकडे बोट दाखवून. रुख्मा तिला काय सांगत होती ते मला ऐकू आले नाही. पण ती दोन्ही हातांनी हवेत काहीतरी दाखवत होती, आधी जवळ धरून, मग लांब नेत.

गुरुजी लगेच मला सोडवायला उठले नाहीत. मोहाच्या बुंध्याला टेकून ते तिथेच झोपी गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना दुपारी झोपलेले कधी पाहिले नव्हते. मी त्यांच्यावर सावली धरून होतो. ते माझे शेवटचे काम.

त्यानंतर त्यांनी मला कुठे नेले नाही. पुढच्या वर्षी खोकला वाढला, त्यांनी नोकरी सोडली आणि ते आपल्या गावी गेले. जाताना मला शाळेला दिले. काळजी घ्या, असे सांगून गेले. ज्यांना सांगितले त्यांचीही नंतर बदली झाली. आता १९६० साल आहे. महाराष्ट्र झाला, शाळेला नवा नकाशा आला, नवे कपाट आले. मी बाकांवर पडलो आहे. गेल्या महिन्यात वर्गातले फळे पुसायला फडकी हवी होती, तेव्हा माझ्या खालच्या कडेचा एक हात कापून नेला. त्यात रानातली वाट गेली. तिच्या मागे आकाशाचा एक तुकडा होता, तोही गेला. कापड एकच आहे ना, मित्रांनो. एका बाजूचे कापले की दुसऱ्या बाजूचेही जाते. कापणाऱ्याने उलटून पाहिले नव्हते. त्याच्यावर माझा राग नाही. रागवायला ताकद लागते.

मला कोणी पुन्हा टांगावे असे मी म्हणत नाही. माझे मागणे थोडे आहे. जुन्या वस्तू कापण्याआधी एकदा उलगडून दोन्ही बाजूंनी पाहत जा. वर्षातून एकदा त्यांना वारा दाखवा. आणि मला बाहेर काढलेच, तर रानाची बाजू उन्हाकडे करा, आकाशाची सावलीकडे. चुन्नीलालचा पिवळा रंग पक्का आहे, काजळी तर जन्माची आहे. पण राखाडी रंग कच्चा आहे. उन्हात तोच आधी उडतो. तो उडाला, की माझ्याकडे बघणाऱ्याला पुन्हा वाटेल, फुटलेल्या ताऱ्याच्या बाजूला काहीच नव्हते.